गुडमार आणि मधुमेह

दर गणपतीला गावाहून कोणीतरी गुडमारची पूड आणतो आणि "आता गोळ्या बंद!" असे जाहीर करतो. हा पाला चावल्यावर साखर वाळूसारखी लागते, हे खरे. त्यावरूनच 'मधुनाशिनी' मधुमेहही हटवील असा समज रुजला. पण जिभेवरचा गुण रक्तात उतरेलच असे थोडेच आहे? १९२८ मध्ये कलकत्त्यात डॉ. रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला. उपयोग दिसला नाही. १९३० मध्ये डॉ. म्हसकर आणि कैयस यांना मात्र प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरलेली आढळली. म्हसकर आपले मराठी, मन त्यांच्याकडेच झुकते. पण ते प्रयोग प्राण्यांवरचे होते. २०१० मध्ये तर मधुमेहासाठी गुडमार घेणाऱ्या एका रुग्णाच्या यकृताला सूज आल्याचे इस्राएलमधील डॉक्टरांनी नोंदवले.