पायलटचं ‘अपडाऊन’ : ड्युटीच्या आधीचा थकवा कोण मोजतं?

अपडाऊन म्हटलं की आपल्याला एसटी आणि लोकल आठवते. अमेरिकेत बरेच पायलटही अपडाऊन करतात, तेही विमानाने! ज्या विमानतळावरून ड्युटी सुरू होते त्याला ‘बेस’ म्हणतात. बेस कंपनी ठरवते, आणि मोठ्या शहरातलं घरभाडं नवख्या पायलटच्या पगारात बसत नाही. मग घर एका टोकाला, बेस दुसऱ्या टोकाला. कुठे रिकामी सीट मिळेल ती पकडून कामावर यायचं. काहीजण मिळून बेसजवळ खोली घेतात, तिला ‘क्रॅश पॅड’ म्हणतात. (नाव ऐकून दचकू नका.)

हा विषय ऐरणीवर आला 12 फेब्रुवारी 2009 ला. कोल्गन एअरची फ्लाइट 3407 न्यूअर्कहून बफेलोला जाताना रात्री एका घरावर कोसळली. विमानातले सगळे 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले.

तपासात काय दिसलं? कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं. आदल्या रात्री तो न्यूअर्कच्या क्रू रूममध्येच थांबला. पहाटे 3:10 ला त्याने कंपनीच्या सिस्टीममध्ये लॉगिन केल्याची नोंद सापडली, म्हणजे झोप धड झालेली नाही. को-पायलट सिएटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, सकाळी न्यूअर्कला पोहोचली. तिला सर्दीही झाली होती.

आता कॉकपिटमधलं बघू. वेग फार कमी झाला की ‘स्टिक शेकर’ नावाची यंत्रणा पायलटच्या हातातलं कंट्रोल जोरात थरथरवते. अशा वेळी विमानाचं नाक खाली करून वेग वाढवायचा असतो. कॅप्टनने उलट कंट्रोल मागे ओढलं. अपघाताचं कारण म्हणून तपास मंडळाने हीच चूक नोंदवली. थकव्याचा दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला, पण नेमका किती ते सांगता येत नाही, असंही म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांना मात्र थकवा कारणांमध्ये धरायला हवा होता.

थकव्याचं गणित तसं सोपं नाही. 1997 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग 17 तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली. पण दारू मोजायला ब्रेथ अ‍ॅनालायझर आहे, झोप मोजायला तसं काहीच नाही.

अमेरिकेत 4 जानेवारी 2014 पासून प्रवासी विमानांसाठी नवे नियम आले. ड्युटीआधी किमान 10 तास विश्रांती, त्यात 8 तास सलग झोपेची संधी. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी पायलटने आपण फिट आहोत असं जाहीर करायचं. गंमत बघा, कंपनीने कामासाठी प्रवासी म्हणून दुसरीकडे पाठवलं तर तो वेळ ड्युटीत धरतात. घरून बेसपर्यंतचा प्रवास मात्र पायलटचा खासगी वेळ! रोस्टर बघून थकव्याचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर्स कंपन्या वापरतात, पण रोस्टरमध्ये जे नाही ते सॉफ्टवेअरला कसं कळणार?

म्हणून जबाबदारी शेवटी पायलटवरच येते, आणि ‘आज मी उडू शकत नाही’ म्हणणं सोपं नसतं. फ्लाइट 3407 च्या कॉकपिट रेकॉर्डरमध्ये को-पायलट सांगते की घरी असते तर सिक लीव्ह टाकली असती, पण इथे येऊन बसल्यावर सुट्टी घेतली तर हॉटेलचा खर्च अंगावर पडेल.