अश्रूंची साक्ष

अंगात वारे शिरले, डोळ्यांतून पाणी वाहिले, देह थरथरला, म्हणजे देव भेटला काय? आमच्या बीड जिल्ह्यातील जत्रांत हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्ती मंडळींतही तो उठला, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनातच उठला.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी तेथे खास प्रार्थनामंडळ काढले. प्रारंभी सुमारे ७० स्त्रिया होत्या. जूनपर्यंत ५५० झाल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगी अग्नी उतरल्याचा अनुभव आला. तेथील अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवले आहे की, दुसऱ्या एका मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच कळले, काहीच पेटलेले नाही. पुढे हुंदके, आक्रोश, सर्वांची एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना असे चालू झाले.

ही बादली आम्हांला मोठी साक्ष वाटते. पाणी आणणारी मुलगी ढोंग करीत नव्हती, हे ती सांगते. तिच्या डोळ्यांना चकवा झाला, हेही तीच सांगते. अनुभव खरा असतो. त्याचा अर्थ मात्र तपासावा लागतो.

१९०६ मध्ये लॉस एंजलिसच्या अझूसा रस्त्यावर पेंटेकोस्टल चळवळ भडकली. अन्य भाषांत बोलणे हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, असे तेथील पुष्कळजण मानू लागले. केडगावचा प्रकार कित्येकांना निव्वळ उन्माद वाटला. रमाबाईंनी दोन्ही टोके टाळली. हिंदी माणसाच्या भक्तीला पाश्चात्य शिस्तीचा साचा लावू नये, असे त्यांनी बजावले. अन्य भाषांसारखी दानेही त्यांनी टाकाऊ ठरविली नाहीत. परंतु आत्म्याची अत्यावश्यक खूण एकच, ती म्हणजे प्रेम, असे त्या म्हणाल्या.

त्या मुलींपैकी कित्येकींचे घरदार १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी नेले होते. त्यांनी आक्रोश करू नये, असे कोण म्हणेल? पण दुःख मोकळे होणे निराळे आणि ईश्वराचा दाखला मिळणे निराळे.

आम्ही ऊसतोड मजुरांच्या सभा पुष्कळ पाहिल्या. टाळ्या ऐकल्या, रडणारी माणसे पाहिली. संप लांबून पीठ संपू लागले, म्हणजे शेजारणीच्या पोरांना आपली अर्धी भाकर देणारी बाई बहुधा सभेत गप्प बसलेलीच असे.

म्हणून अश्रूंना आम्ही हसणार नाही. दाखला म्हणून ते घेणारही नाही. दाखला दुसऱ्या दिवशी मिळतो.