अहिल्यानगर (नामांतर)

अहमदनगर शहर व जिल्ह्याचे नाव बदलून 'अहिल्यानगर' करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आणि त्याआधी व नंतर झालेली चर्चा. नामांतराची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातील चोंडी येथे केली. राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी मान्यता दिली, केंद्राची संमती ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली आणि रेल्वेस्थानकाची पाटी सप्टेंबर २०२५ मध्ये बदलली. शहराचे नाव बदलले, पण बदलाचे मूळ पाऊणशे किलोमीटरवरच्या एका खेड्यात आहे. म्हणून ही नोंद जामखेडच्या बाजूने वाचली तर अधिक नीट समजते.

चोंडी हे सीना नदीकाठचे गाव. गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य चालवले. काशी विश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, बारवा आणि धर्मशाळा ही त्यांची कामे आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, दुसऱ्यांच्या मुलखात झाली, हे त्या काळातल्या राज्यकर्त्यांत फार दुर्मीळ आहे. याच जामखेड तालुक्यातील खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत होळकरांची फौजही होती. पुढे पाचच महिन्यांनी, १३ ऑगस्टला, अहिल्याबाई निवर्तल्या. माहेरच्या तालुक्यातला हा विजय त्यांच्या हयातीतला मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय ठरला.

जुने नाव मलिक अहमदचे. बहमनी सरदार जहांगीरखानाचा त्याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ पराभव केला, निजामशाही उभी केली आणि त्या रणभूमीजवळच शहर वसवले. हा दिवस नगरमध्ये स्थापना दिन म्हणून पाळला जातो. शहराचा वाढदिवस आणि अहिल्याबाईंची जयंती तीन दिवसांच्या अंतराने येतात. बाहेरून खापरी नळांनी पाणी आणलेले हे शहर दख्खनच्या राजकारणाचे शतकभर केंद्र होते. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगल शाहजादा मुरादच्या वेढ्यातून इथला किल्ला वाचवला. भोसले घराण्याचा उदयही याच दरबाराच्या चाकरीतून झाला. मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ती नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून, अशी परंपरा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावातच नगरच्या दर्ग्याची आठवण असेल, तर या शहराच्या इतिहासाची 'त्यांचा' आणि 'आपला' अशी वाटणी करता येत नाही.

नाव बदलण्याची मागणी जुनी आहे. शिवसेनेने 'अंबिकानगर' हे नाव पुढे केले होते, पण ते लोकांत रुजले नाही. 'अहिल्यानगर' या मागणीला, अहिल्याबाई ज्या समाजातल्या त्या, धनगर समाजाचे पाठबळ मिळाले, आणि दरवर्षी ३१ मे रोजी चोंडीला जमणारा समुदाय हेच तिचे व्यासपीठ झाले. ६ मार्च २०१९ पासून सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव लागले, त्याने मागणीला बळ आले. २०२२ च्या जयंतीला चोंडीत राजकीय पक्षांत उघड चढाओढ झाली आणि त्याच वर्षी आमदार गोपीचंद पडळकर यांनी नामांतराची लेखी मागणी केली. त्रिशताब्दीच्या वर्षी, ६ मे २०२५ रोजी, राज्य मंत्रिमंडळाची बैठकच चोंडीत भरली. तीत जन्मस्थळाच्या जतन व विकासासाठी ६८१ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली.

विरोधकांचा मुख्य आधार केंद्रीय गृह मंत्रालयाची १९५३ ची मार्गदर्शक सूचना हा होता. ऐतिहासिक संबंध असलेली गावांची नावे शक्यतो बदलू नयेत आणि केवळ स्थानिक अभिमान हे त्यासाठी पुरेसे कारण मानू नये, असा तिचा आशय आहे. मात्र छत्रपती संभाजीनगर व धाराशिव यांच्या नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या आणि न्यायालयाचा मार्ग बराचसा बंद झाला. समर्थकांचे म्हणणे साधे होते : जिल्ह्याच्या पोटी जन्मलेली एवढी मोठी स्त्री, आणि जिल्ह्यात तिच्या नावाचे मोठे काही नसावे? इंदूरला विमानतळ आणि विद्यापीठ दोन्ही त्यांच्या नावाचे आहेत. या प्रश्नाला विरोधकांकडे खरे उत्तर नव्हते.

नगर हे लष्कराचे शहर. इंग्रज सेनापती वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये इथला किल्ला घेतला. आज रणगाडा दलाचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, यांत्रिक पायदळाचे केंद्र आणि रणगाडा संग्रहालय येथे आहेत. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद ज्या किल्ल्यात कैदेत होते, तोही लष्कराच्याच ताब्यात आहे. त्यामुळे अमेरिकेतील लष्करी तळांच्या नामांतराशी इथली तुलना सहज सुचते. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी स्वदेशाविरुद्ध लढलेल्या दक्षिणेच्या सेनानींची नावे तिथे नऊ तळांना होती. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून जानेवारी २०२१ मध्ये कायदा झाला आणि २०२३ मध्ये ती बदलली. त्यांपैकी फोर्ट ब्रॅग 'फोर्ट लिबर्टी' झाला. २०२५ मध्ये 'ब्रॅग' परत आले, पण आता ते दुसऱ्या महायुद्धातील रोलंड ब्रॅग या सैनिकाचे : उच्चार तोच, माणूस वेगळा. आपल्या लष्करानेही कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला 'विजय दुर्ग' आणि तिथल्या किचनर हाउसला 'माणेकशॉ हाउस' असे नाव दिले आहे. तरी अमेरिकेचा तर्क नगरला लागू पडत नाही. अहमद हा देशद्रोही सेनानी नव्हता, ज्या शहराला त्याचे नाव होते ते त्यानेच वसवले होते. अहिल्याबाईंचा मान त्यांच्या स्वतःच्या कामावर उभा आहे, त्यासाठी अहमदला लहान करण्याची गरज नाही. नामांतराच्या सभांमध्ये हा भेद अनेकदा पुसला गेला, ही या चर्चेतली खरी उणीव होय.

सरकारी कागदाबाहेर शहराचे नाव 'नगर' हेच आहे. जामखेड, कर्जत, पाथर्डीची माणसे पूर्वीही 'नगरला' जात आणि आजही 'नगरला'च जातात. दोन्ही नावांचा शेवट एकच असल्याने बोलीला धक्का लागला नाही. लोकांनी दिलेले नाव किती चिवट असते, याचा दाखला शहराजवळच्या डोंगरावर आहे : निजामशाहीतील सलाबतखानाच्या कबरीला सारे नगरकर पिढ्यान् पिढ्या 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर महाविद्यालयासारख्या संस्थांच्या इतिहासातही जुने नाव आहेच.

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या अशा या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. त्याच्या उत्तर-दक्षिण विभाजनाची मागणी नामांतराहून जुनी आहे आणि अद्याप निकाली निघालेली नाही. तसे विभाजन झाले तर संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी हा उत्तरेचा भाग वेगळ्या नावाच्या जिल्ह्यात जाईल. जामखेड दक्षिणेत असल्याने चोंडी मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातच राहील.