जात्यावरची सरस्वती

बीड जिल्ह्यांतील उमापुरासारख्या गांवांतून जात्यावरची ओवी पिढ्यान्‌पिढ्या बोलींतच घुमली. रचणारीचें नांव मात्र मागें राहिलें नाहीं. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांचेंही तसेंच व्हावयाचें. आसोद्याच्या ह्या लेकीस अक्षरओळख नव्हती; दळतां-कांडतां, शेतांत खपतां लेवा गणबोलींत गाणीं रचावीं व स्वतःच गावीं, हा त्यांचा परिपाठ. पुत्र सोपानदेव ह्यांनीं व एका आप्तानें तीं टिपून ठेविलीं, म्हणूनच तीं वांचलीं. १९५२ सालीं आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. बोलीचें रूप पुसलें गेलें नाहीं, आणि तरीही नागर मराठीनें तिला मानाचें पान वाढिलें. तें पाहावयास गाणारी मात्र उरली नव्हती.