नारायणरावांची सिंधू आणि लीलाबाईंचं वय

मंडळी, माध्यमं स्त्रीच्या शरीराची प्रतिमा घडवतात, असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्ही आणि मोबाइल येतात. आज जरा मागे जाऊ, संगीत रंगभूमीच्या काळात.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. जन्म १८८८चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, शकुंतला म्हणून उभे राहिले. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांचं लुगडं नेसणं, अंबाडा, गजरा माळण्याची पद्धत, या सगळ्याची नक्कल पांढरपेशा घरांतल्या बायका करू लागल्या. आता गंमत बघा. बाईनं कसं दिसावं, कसं लाजावं, हे एक पुरुष दाखवत होता आणि बायका ते त्याच्याकडून शिकत होत्या!

असं का? तर घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहणं समाजाला मान्यच नव्हतं. सिनेमातही तीच गत. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. मधल्या काळात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी फाळक्यांकडे काम केलं खरं, पण अशा बायका विरळाच. म्हणजे सुंदर बाईचा नमुना तयार झाला, तोच मुळी बाईला बाजूला ठेवून.

पुढे शिकलेल्या बायका पडद्यावर आल्या. त्यांतल्या एक पदवीधर लीला चिटणीस. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या चित्रपटांत त्या अशोककुमारच्या नायिका होत्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. हा मान मिळालेली पहिली भारतीय नटी त्याच. आणि १९४८च्या 'शहीद'मध्ये? दिलीपकुमारची आई! अवघ्या सात वर्षांत. वयाची चाळिशीही गाठली नव्हती हो. १९५१मध्ये 'आवारा', तिथे राज कपूरची आई.

आणि इकडे बालगंधर्व पन्नाशी ओलांडल्यावरही, अंग सुटल्यावरही, 'एकच प्याला'तली सिंधू करतच होते. लोक म्हणतील, अहो, त्यांचा गळाच तसा होता. होताच, त्याबद्दल वाद नाही. पण मग प्रश्न असा पडतो की पुरुषाच्या बाबतीत आपण गळ्याकडे पाहून शरीर विसरू शकलो, तर बाईच्या बाबतीत तिचा अभिनय पाहून तिचं वय का नाही विसरलो?

पुरुषाला बाईच्या वेषात म्हातारं होण्याची मुभा होती. बाईला स्वतःच्या शरीरात ती नव्हती. म्हणून घरातली मुलगी आरशापुढे उभी राहून "मी जाड दिसते" म्हणाली, तर लगेच "नाही गं" म्हणू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, कुणाच्या तुलनेत? तो नमुना कुणी काढला, हे तिलाच शोधू द्या.