ग्रहण, ओठ आणि आईवरचा आळ

माझं माहेर नागपूरचं. ग्रहणाचे वेध लागले की घरातल्या गरोदर बाईला आतल्या खोलीत बसवत. विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, काही चिरायचं-फाडायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटका निघतो, असं सांगत. लग्नानंतर लखनौला इंदिरा नगरात आले, तर इथेही तेच. फक्त इथे पोटाला गेरू लावतात. मुलांचं बोलणं सुधारण्याचं काम मी याच वस्तीत करत आले. बाराबंकी, गोंड्याकडून आया येतात. दूध नाकातून परत येतं, मूल गेंगाणं बोलतं, हे त्या मागाहून सांगतात. आधी मान खाली घालून म्हणतात, ‘दीदी, ग्रहणात मी भाजी चिरली होती.’

ही समजूत आपल्यापुरती नाही. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या मते ग्रहणात चंद्राचा लचका तोडला जाई आणि तसाच लचका गर्भातल्या बाळाच्या तोंडाचाही तुटे. म्हणून गरोदर बाई ज्वालामुखी काचेचं पातं पोटाशी बाळगे. आपल्याकडे पातं टाळायचं, तिथे पातं जवळ धरायचं. उपाय अगदी उलटे, पण मूल तसं जन्मलं की दोन्हीकडे बोट आईकडेच वळतं.

गर्भाचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो आणि टाळूही पहिल्या तीन महिन्यांतच मिटते. ओठ जुळत असतो तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. पोट दिसू लागल्यावर पाळलेलं किंवा मोडलेलं ग्रहण त्या ओठापर्यंत पोचणार कसं? आनुवंशिकता, गरोदरपणातलं धूम्रपान, अपस्माराची काही औषधं ही ज्ञात कारणं. पुष्कळदा कुठलंच एक कारण सापडत नाही. जगात साधारण सातशे जन्मांमागे असं एक मूल असतं. अरब देशांतल्या नोंदींत हे प्रमाण हजारी एकाच्या खालपासून दोनाच्या आसपासपर्यंत बदलतं आणि तिथले डॉक्टर नात्यातल्या लग्नांचाही विचार करतात. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या समाजालाही तो विचार करायला हवा.

दोष देण्याइतकाच दुरुस्तीचा इतिहासही जुना आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले कान, नाक आणि ओठ सांधण्याची चर्चा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये वेई योंगची नावाच्या तरुणाचा ओठ वैद्यानं शिवला. शंभर दिवस पेजेवर राहायचं, हसायचं-बोलायचं नाही, ही अट होती. त्यानं ती आनंदानं मान्य केली आणि पुढे तो मोठा अधिकारी झाला.

माझ्या नागपूरचा वाटा मला विशेष मोलाचा वाटतो. 1950च्या दशकात तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. दुभंगाची त्यांनी केलेली सोपी वर्गवारी नागपूरच्या नावानं ओळखली जाते: फक्त ओठ, फक्त टाळू, किंवा दोन्ही. केसपेपरवर त्या तीन गटांपैकी एक लिहिला की पुढच्या डॉक्टरला बाळाची अवस्था कळते. आईनं काय चिरलं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

2009च्या फेब्रुवारीत ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मिर्झापूरकडच्या एका मुलीचा ओठ वाराणसीत शिवला गेला, त्याची ती कथा. त्याच वर्षी 22 जुलैला खग्रास सूर्यग्रहणाची सावली त्याच वाराणसीवरून गेली. ग्रहणं वर्षातून मोजकीच होतात, अशी मुलं मात्र बाराही महिने जन्मतात.

2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांची तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. ओठ तीन महिन्यांच्या सुमारास शिवतात आणि टाळू बोलणं रुजण्याआधी, बहुधा दीड वर्षाच्या आत. तोवर बाळाला उभट धरून चमच्यानं किंवा बोंडल्यानं दूध पाजावं. हे सगळं मी आयांना सांगतेच. पण आता सोबत आलेल्या सासूला आणि नवऱ्यालाही समोर बसवते आणि त्यांच्यादेखत आधी एवढंच सांगते: यात हिची काहीही चूक नाही.