'डोल' : एका शब्दामागचा हिशेब

वॉल्टर ग्रीनवुड यांची 'लव्ह ऑन द डोल' (१९३३) वर्गात शिकवताना शीर्षकातल्या शेवटच्या शब्दापाशी थांबणे आम्हांला आवश्यक वाटते. 'डोल' म्हणजे दानाचा वाटा, भिक्षा. ज्या भत्त्याला हे नाव चिकटले तो मात्र मुळात विमा होता.

१९११च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीतून बेकारीविमा सुरू झाला. बांधकाम, जहाजबांधणी अशा निवडक उद्योगांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांपुरता तो होता. भत्ता आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून अधिकाधिक १५ आठवडे. पुढे योजना उदार होत गेली. १९२०मध्ये ती एक कोटीहून अधिक कामगारांपर्यंत पोचली. १९२१मध्ये बायकोमुलांसाठी वेगळा भत्ता आला. १९३१पर्यंत पुरुषाचा भत्ता १७ शिलिंग झाला होता. त्याच वर्षी मंदीच्या तडाख्यात भत्त्यात दहा टक्के कपात करण्याच्या प्रश्नावर मॅक्डोनाल्ड यांचे मजूर सरकार कोसळले. नव्या राष्ट्रीय सरकारने ती कपात केली आणि विम्याचा हक्क संपलेल्यांवर 'मीन्स टेस्ट', म्हणजे घरातील सर्वांच्या मिळकतीची चौकशी, लादली. कादंबरीतील हॅरीचा भत्ता बंद होतो तो याच चौकशीमुळे.

या औदार्याने लोक आळशी झाले काय? १९७९मध्ये बेंजामिन आणि कोचिन या अर्थतज्ज्ञांनी असे मांडले की, वेतनाच्या मानाने भत्ता मोठा असल्यामुळेच त्या काळातील बेकारी इतकी वाढली. त्यावर मोठा वाद झाला. आमच्या मते एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. भत्त्याचे दर देशभर सारखेच होते. बेकारी मात्र सारखी नव्हती. जहाजाचा कारखाना बंद पडलेल्या ज्या जॅरो गावातून १९३६मध्ये दोनशे माणसे लंडनपर्यंत चालत गेली, तेथील बेकारीचे कारण भत्त्यात शोधणे व्यर्थ आहे.

तरीही भत्ता वाढला की माणसे नोकरी शोधण्यास अधिक वेळ घेतात, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसते. प्रश्न आहे तो या वेळेचा अर्थ काय लावायचा, हा. राज चेट्टी यांनी २००८मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले की, या वाढीव काळाचा सुमारे ६० टक्के भाग हाताशी पैसा नसण्याशी निगडित आहे. गाठीला काही नसलेला माणूस मिळेल ते काम पत्करतो. भत्ता मिळाला की त्याला थोडे थांबून निवड करता येते. गाठीला पैसा असलेल्याचे असे थांबणे आपण विवेक मानतो. उरलेला भाग भत्त्यामुळे काम कमी लाभदायक ठरण्याचा. तो समाजावरचा खरा खर्च होय, आणि भत्ता किती असावा हे ठरवताना तो मोजलाच पाहिजे.

विमा की भिक्षा, हा भेद म्हणूनच केवळ शब्दांचा नाही. भिक्षा मानली की थांबणारा प्रत्येक जण आळशी ठरतो आणि घराघरांत चौकशी अधिकारी शिरतो. विमा मानला, तर थांबणे कुठवर रास्त आणि कुठून पुढे महाग, असा प्रश्न तरी विचारता येतो. ग्रीनवुड यांच्या पात्रांना तो विचारणारे कोणी भेटत नाही. कादंबरी वाचताना विद्यार्थ्यांनी तो विचारावा, असे आम्हांस वाटते.